चाचणी काकांचा पलंग

३ मार्च

चि. वटवट्यास,

पत्र लिहिण्याची वेळ आली, कारण पलंग गोदामात आहे, अर्ज मंजूर आहे आणि पलंग जागचा हलत नाही. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "हो आत्या, बघतो आत्या" म्हणतोस आणि ठेवला की विसरतोस. कागद टेबलावर पडून राहतो आणि डोळ्यांत खुपतो.

हकिकत अशी. माझ्या समोरच्या दारातले घड्याळजी दुकानाच्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. अठरा तारखेला दवाखाना त्यांना सोडणार. पण डॉक्टरांनी बजावलंय की घरी उंच, कठड्यांचा, डोक्याकडून वर होणारा पलंग असेल तरच घरी, नाहीतर गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात. त्यांची आई त्या शुश्रूषागृहात गेली ती परत आली नाही, त्यामुळे नुसतं नाव काढलं तरी त्यांची बायको पदराने डोळे पुसते. ती स्वतः चिमणीएवढी. जमिनीवरच्या गादीवरून त्या धिप्पाड माणसाला ती उठवणार कशी?

आमचं साहित्य केंद्र आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू वापरायला देतं, हे तुला सांगायला नको. असा पलंग सध्या एकच शिल्लक आहे. तिने तुमच्या कंपनीने नुकत्याच करून दिलेल्या वेबसाइटवर रीतसर अर्ज केला, तिथला पहिलाच. तिच्या फोनवर "अभिनंदन! आपला अर्ज दाखल झाला" असं फुलं उधळत आलं. खुबा मोडल्याबद्दल माणसाचं अभिनंदन करणारे तुम्ही पहिलेच. मी माझ्या कॉम्प्युटरवर अर्ज वाचला आणि मंजूर केला. माझ्या पडद्यावर "मंजूर" असं आलं. गोदामवाल्यांच्या पडद्यावर मात्र काहीच नाही.

"सकाळपासून बघतोय बाई, एकही अर्ज नाही," ते म्हणाले.

"अहो, मी मंजूर केलाय ना!"

"तुमच्याकडे केला असेल. माझ्याकडे नाही."

घोडं कुठे पेंड खातंय ते उलट टपाली कळव. हवापाण्याची चौकशी नको.

आत्या


५ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

पत्र पोचलं. आमच्या ऑफिसात हाताने लिहिलेलं पत्र येण्याची ही पहिलीच खेप, त्यामुळे आधी सगळ्यांनी ते हाताळून पाहिलं, मग कुणीतरी वाचलं.

वाचल्यावर लगेच सगळ्या चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या! म्हणजे पास. तुला नीट समजावून सांगतो. वेबसाइटच्या एकेका कामासाठी प्रोग्रॅमचा एकेक भाग असतो, त्याला आम्ही कंट्रोलर म्हणतो. तुझ्या केंद्रातल्या खिडक्यांसारखंच. सभासदांचा कंट्रोलर वेगळा, अर्जाचा वेगळा, गोदामाचा वेगळा. प्रत्येक कंट्रोलर एकेकाकडे. अर्जाचा माझ्याकडे. ज्याने जो लिहिला त्यानेच त्याच्या चाचण्या लिहिल्या. आमचे साहेब म्हणतात, प्रत्येकाने आपल्या दारापुढे झाडलं की गल्ली स्वच्छ.

माझा अर्ज-कंट्रोलर मंजुरी बरोबर देतो. गोदाम-कंट्रोलर मंजूर अर्ज बरोबर दाखवतो. त्यामुळे अडचण आमच्याकडे नसावी, असं साहेबांचं मत आहे. गोदामवाल्यांना पान पुन्हा उघडून बघायला सांग. एकदा कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांग. चष्मा बदललाय का त्यांनी?

आणि आत्या, एक विचारू? गोदामाची एक किल्ली तुझ्याही पर्समध्ये असते. पलंग देऊन टाक की सरळ. नोंद मागाहून होईल.

तुझा,
वटवट्या


७ मार्च

चि. वटवट्यास,

गोदामवाल्यांनी पान पुन्हा उघडलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चष्मा पुसला. तुझ्या साहेबांच्या मताचा मान राखून झाल्यावरही पडदा कोराच आहे.

पलंग सरळ देऊन टाक म्हणतोस. विमा कचेरीत दावे तपासण्यात माझी उमर गेली. सरळ देऊन टाकलेल्या वस्तूंचं काय होतं ते मला विचार. तुमची वेबसाइट येण्यापूर्वी आमचे सेवाभावी लोक ओळखीपाळखीत वस्तू सरळच देत असत. एक चाकाची खुर्ची अशीच गेली. पुढे ती मला एका लाँड्रीच्या दारात दिसली, ओल्या चादरींचा ढीग घेऊन उन्हात बसलेली. लाँड्रीवाला म्हणाला, "बाई, बसायला कोणी नव्हतं, म्हटलं रिकामी कशाला ठेवा!" त्या दिवशी मी नियम केला की कॉम्प्युटरवर दिसल्याशिवाय गोदामातून कुबडीसुद्धा हलायची नाही. तो कागद माझ्या सहीने गोदामाच्या दारावर लागलेला आहे. आता शेजारणीसाठी मीच तो मोडला, तर उद्या गोदामवाले त्यांच्या साडूसाठी मोडतील आणि मला तोंड वर करता येणार नाही.

तुमच्या चाचण्यांबद्दल. काल मी सगळा प्रकार स्वतः केला. शेजारणीच्या शेजारी बसून तिच्या फोनवर अर्ज पाहिला. मग केंद्रात जाऊन माझ्या पडद्यावर पाहिला. मग गोदामात जाऊन तिथल्या पडद्यापुढे उभी राहिले. जिथे बसावं तिथे सगळं ठीक. मग मला प्रश्न पडला की गोदाम-कंट्रोलरची चाचणी जर पास होते, तर तिला दाखवायला मंजूर अर्ज आणता कुठून? तुम्हीच खोटा करून तिच्या पुढ्यात ठेवता ना? म्हणजे शाळेतल्या प्रत्येक मास्तराने आपापल्या वर्गात एकेक पुठ्ठ्याचा मुलगा बसवायचा, त्याला पास करायचं आणि शाळेचा निकाल शंभर टक्के म्हणून फलक लावायचा. पहिलीतून दुसरीत खरा मुलगा गेला का, हे कोणी बघायचं?

पूर्वीच्या पद्धतीला तू नावं ठेवत होतास. लोक कार्ड हातात घेऊन एका खिडकीवरून दुसरीवर फिरायचे, रांगेत कुरकुरायचे, माझं डोकं खायचे. या लोकांना घरी बसू द्या असं मीच तुला म्हटलं होतं. बसले घरी. आता पलंगही बसलाय.

शेजारीण रोज संध्याकाळी विचारते, "काही कळलं का हो?" मी सांगते, "काम चालू आहे." हे वाक्य मी जन्मभर दुसऱ्यांकडून ऐकलं आणि त्यांचा तिटकारा केला.

आत्या


१० मार्च

ती. आत्यास नमस्कार.

सापडलं! तुझ्या त्या रांगेत कुरकुरणाऱ्या माणसांनीच उत्तर दिलं.

तू मागे मला प्रत्येक खिडकीचं काम वेगवेगळ्या कागदावर लिहून पाठवलं होतंस. पहिल्या खिडकीत काय, दुसरीत काय, तिसरीत काय. आम्ही ते कागद एकेकाला वाटले आणि जसंच्या तसं उतरवलं. पण एका खिडकीतून दुसरीत कार्ड कोण नेतं, ते कोणत्याच कागदावर नव्हतं. कसं असणार? ते आजाऱ्याचा मुलगा नेत होता, बायको नेत होती. त्यांना तू कागदावर घेतलं नाहीस, आणि आम्ही घरी बसवलं.

माझ्या कंट्रोलरने काय केलं, सांगतो. मंजूर अर्जाची आठवण त्याने मंजूर करणाऱ्याच्याच खात्यात जपून ठेवली. म्हणजे तुझ्या. ते कार्ड अजून तुझ्याच मुठीत आहे आणि गोदामवाले हात पुढे करून बसलेत. इथे ऑफिसात आम्ही एकाच खात्यातून सगळी बटणं दाबायचो, म्हणून आम्हाला कधी अडलं नाही. आता दुरुस्त केलंय.

पण दुरुस्तीपेक्षा मोठं महाभारत पुढेच झालं. मी म्हटलं, सगळे कंट्रोलर ओलांडून जाणारी एक चाचणी हवी. एका माणसाने नाव नोंदवायचं, अर्ज करायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा, तिसऱ्याला तो गोदामात दिसायचा, एका दमात सगळं. इंटिग्रेशन टेस्ट म्हणतात तिला. त्यावर बैठक बसली.

साहेब म्हणाले, "प्रत्येक भाग पास आहे ना? मग सगळं पासच."

सभासद-कंट्रोलरवाली म्हणाली, "माझं काम नाव नोंदवलं की संपतं."

गोदाम-कंट्रोलरवाली म्हणाली, "माझं काम अर्ज समोर आल्यावर सुरू होतं."

"मग मधली जागा कोणाची?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बैठक संपली तेव्हा मी 'मधल्या जागेचा प्रमुख' झालो होतो. पगार तोच.

तर मी एक रुग्ण तयार केला आहे. नाव चाचणी काका. खुब्याचं हाड मोडलेलं, घड्याळजींचाच आजार घेतला. काकांनी नाव नोंदवलं, अर्ज केला, मंजुरी घेतली आणि थेट गोदामाच्या पडद्यावर जाऊन उभे राहिले! दिवा हिरवा झाला तेव्हा ऑफिसात टाळ्या पडल्या. साहेबांना काका इतके आवडले की म्हणाले, पुसू नकोस, दोन दिवस राहू दे, वरच्या लोकांना दाखवतो.

घड्याळजींचा अर्ज मंजुरीनंतर मधेच लटकला होता, तो उद्या हाताने पुढे ढकलतो. मग पलंग त्यांच्या घरी. आता तरी मला शाबासकी दे.

तुझा,
वटवट्या


१२ मार्च

चि. वटवट्यास,

पलंग पोचला. माझ्या घरी.

काल मी बँकेत गेले होते. परत आले तर दार उघडं आणि बाहेरच्या खोलीत, माझ्या खुर्च्या भिंतीला लावून, मधोमध तो पलंग. कठडे चढवलेले, गादी घातलेली. टेम्पोवाला दांडा फिरवून डोक्याची बाजू वर करून दाखवत होता.

"काका कुठे आहेत?" त्याने मला विचारलं.

"कोण काका?"

"चाचणी काका. पत्ता हाच आहे बघा. त्यांना शिकवायचं होतं, दांडा कसा फिरवायचा ते."

मी तशीच गोदामात गेले. गोदामवाले पहिल्यांदाच खुशीत दिसले. "बाई, आला एकदाचा अर्ज पडद्यावर! तुमचीच मंजुरी, तुमच्याच घरचा पत्ता. म्हटलं, नियम म्हणजे नियम. क्षणभर थांबलो नाही." या माणसाला मी काय बोलणार? माझ्या हयातीत माझा नियम इतका चोख कोणी पाळला नव्हता.

तुझ्याकडे माझा पासवर्ड आहे, हे मला ठाऊक होतं. शिकवताना मीच दिला. त्याने तू माझ्या वतीने मंजुऱ्या देशील, आणि त्याही नसलेल्या माणसाला, हे ठाऊक नव्हतं. विमा कचेरीत अशा कामाला दुसरं नाव होतं आणि त्याची चौकशी पोलीस करत.

म्हटल्याप्रमाणे तू अर्ज पुढे ढकललास. घड्याळजींचा अर्ज गोदामाच्या पडद्यावर अगदी व्यवस्थित दिसला. त्याच्या पुढे लिहिलंय, "क्षमस्व, पलंग शिल्लक नाही." तुमचे सगळे कंट्रोलर आता एकमेकांशी इतके छान बोलतात की खऱ्या माणसाला एकमुखाने नाही म्हणतात. पलंग परत घ्यायला गेले तर कॉम्प्युटर सांगतो, परतीची विनंती रुग्णानेच स्वतःच्या खात्यातून करायची.

पण हे सगळं मी गिळलं असतं. तुला एक गोष्ट मुद्दाम लिहिते. टेम्पोवाल्याला माझं दार कोणी उघडून दिलं? घड्याळजींच्या बायकोने. माझी जादा किल्ली तिच्याकडे असते. ज्या पलंगासाठी ती रोज संध्याकाळी माझ्याकडे विचारायला यायची, तोच तिने स्वतःच्या डोळ्यांदेखत माझ्या खोलीत लावून घेतला. खुर्च्यासुद्धा तिनेच सरकवून दिल्या. मी आले तेव्हा किल्ली टेबलावर होती आणि तिचं दार बंद होतं. काल संध्याकाळी ती काही विचारायला आली नाही. आजही नाही.

तिने काय समजायचं ते समजलं असणार. मी दार ठोठावायला दोनदा गेले आणि दोनदा परत फिरले. काय सांगू? की हा पलंग एका अशा माणसाला मंजूर झालाय जो नाही, आणि तुझा नवरा आहे म्हणून त्याला मिळत नाही?

आत्या


१४ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं.

झालं ते असं. अशा चाचण्या खोट्या केंद्रावर करायच्या असतात. आमच्याकडे त्यासाठी वेबसाइटची वेगळी नक्कल आहे. पण तिच्यात गोदाम रिकामं होतं, आणि वस्तू भरत बसायचा मला कंटाळा आला. म्हटलं, खऱ्यावरच पटकन करतो आणि लगेच पुसतो. पत्ता विचारला तेव्हा तुमच्या गावातला मला पाठ असलेला एकच पत्ता होता. पुसायच्या आत साहेब आडवे आले, हे लिहिलंच होतं.

आज साहेबांना म्हटलं, काकांना आत्ताच्या आत्ता काढून टाकतो. ते म्हणाले, "अजिबात नाही! अर्ज ते घरपोच, सगळ्या पायऱ्या पूर्ण झालेला आपला तो एकमेव रुग्ण आहे. त्याला काढलं तर आकडेवारीत उरतं काय?" काकांचा फोटो म्हणून त्यांनी कुठल्यातरी हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र लावलंय आणि खाली लिहिलंय, "समाधानी लाभार्थी."

मी वाद घातला, त्यांनी रविवारनंतर बघू म्हटलं. त्यांचा रविवार कधी उजाडतो ते मला माहीत आहे. म्हणून सोबत काकांचा पासवर्ड पाठवतो. तू काका होऊन पलंग परत कर, मग आत्या होऊन घड्याळजींना मंजूर कर. अठराच्या आत होईल. पण तू हे करशील असं मला वाटत नाही. घड्याळजींच्या बायकोला मी फोन करून सगळं सांगू का? चूक माझी आहे.

तुझा,
वटवट्या


१८ मार्च

चि. वटवट्यास,

पासवर्ड वापरला नाही. एका खोट्या माणसाच्या सहीने निघालेलं काम दुसऱ्या खोट्या सहीने निस्तरायचं माझ्याच्याने होणार नाही. फोनही तू करायचा नाहीस. दार समोरचं आहे, जायचं मलाच होतं.

पत्र आलं त्याच संध्याकाळी गेले. तिने दार उघडलं, पाट पुढे केला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तब्येत कशी आहे तुमची?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, पलंग आलाय म्हणून. तुमचं कधी काही दुखतंय असं बोलला नाहीत. बोलला असता तर मी रोज विचारायला आले नसते हो. तुम्हाला आधी हवा, तर तुम्ही आधी घ्या. मी काय बोलणार?"

मला वाटलं होतं, ती मला लबाड समजते. ती मला आजारी समजत होती. दार लावून बसली होती ती लाज वाटून, की आजारी बाईकडे आपण पलंगाचा तगादा लावला. वटवट्या, मी आयुष्यभर लोकांचे अर्ज वाचले आणि त्यांत लबाडी शोधली. ती सापडायचीही. पण दुसरं काही असू शकतं, याची चाचणी माझ्याकडेही नव्हती.

मी तिला काकांची सगळी कथा सांगितली. तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते, ती हसत होती.

"म्हणजे ते काका नाहीतच?"

"नाहीत."

"आणि त्यांचा खुबा?"

"तोही नाही."

"मग त्यांना काय, खालीसुद्धा झोपता येईल!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी तो पलंग माझ्या दारातून काढून तिच्या दारात घातला. दारात अडकला तेव्हा गोदामवाल्यांना मदतीला बोलावून आणलं. आधी म्हणाले, "बाई, पडद्यावर नाहीये." मी म्हटलं, "तुमच्या डोळ्यांपुढे आहे. धरा." त्यांनी धरला.

आज घड्याळजी घरी आले. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचं घड्याळ मागे आहे म्हणून बायकोला सुनावलं, तेव्हा समजलं की माणूस ठीक आहे.

तुझ्या साहेबांना सांग, मधल्या जागेच्या प्रमुखाला पगार वाढवून द्या. आणि तुला सांगते, पुढची चाचणी खोट्या केंद्रावर कर, गोदाम भरायचा कंटाळा करू नकोस. तिच्यात परत करण्याची पायरीही घाल. आणि एक असा माणूस घाल, ज्याला मिळायला हवं पण मिळत नाही. सगळ्यांना सगळं मिळतं अशीच चाचणी घेतलीत, तर दिवा हिरवा होणारच.

माझा पासवर्ड मी बदलला आहे. विचारू नकोस.

खाली दिल्याघेतल्याची नोंद उतरवली आहे. मूळ कागद गोदामात लावला. तुझ्या कॉम्प्युटरला कधीतरी वाचून दाखव.

आत्या


*नोंद, १८ मार्च*

रुग्णासाठी पलंग, नग एक. सोबत गादी, दोन्ही बाजूंचे कठडे, डोक्याची बाजू उचलण्याचा दांडा. सर्व चालू स्थितीत.

कोणाकडून घेतला: चाचणी काका. देणाऱ्याची सही: नाही. देणारा नाही.

कोणाला दिला: समोरच्या दारातले घड्याळजी, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, चालू लागेपर्यंत.

दांडा फिरवायला शिकवलं: त्यांच्या पत्नीस. दोन्हीकडे फिरवून दाखवला, त्यांनी फिरवून पाहिला.

कॉम्प्युटरवर नोंद: नंतर.

घेणाऱ्याची सही: घड्याळजी यांनी स्वहस्ते केली. पलंगावर आडवं पडून केल्यामुळे वाकडी आली आहे. ग्राह्य धरावी.